एकट्यानं खेळायचे बोर्डगेम : या पावसाळ्यात नवीन कुठला घेऊ?

तिसरं गेट | ५ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत तिसऱ्या गेटाजवळ राहतो. उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये माल तपासणीचं काम करतो. बायको नर्स आहे, महिन्यातल्या बारा-पंधरा रात्री तिची रात्रपाळी असते. पोरगा पुण्याला शिकतोय. त्यामुळं जेवण झाल्यावर आठ ते अकरा घरात मी एकटाच. दोन वर्षांपूर्वी पोरगा दिवाळीला आला तेव्हा 'फ्रायडे' नावाची छोटी पेटी घेऊन आला. "बाबा, हा एकट्यानंच खेळायचा आहे, दुसरा भिडू चालतच नाही," म्हणाला. तेव्हापासून मी खेळतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. 'फ्रायडे' हा फ्रीडेमान फ्रीझे या जर्मन माणसाचा २०११ सालचा खेळ. गोष्टीतला रॉबिन्सन क्रूसो बेटावर अडकलाय आणि आपण त्याला जगायला शिकवणारे फ्रायडे. त्याच्या हाताशी सुरुवातीला १८ पत्ते, त्यातले बरेचसे कुचकामी. जीव २०. संकटाचा पत्ता उलटायचा आणि आपले पत्ते ओढून त्याचा आकडा गाठायचा. गाठला तर तेच संकट कामाचा पत्ता होऊन आपल्या गठ्ठ्यात येतं. नाही गाठला तर कमी पडेल तितका जीव द्यायचा, पण दिलेल्या जिवाच्या बदल्यात आत्ता खेळलेला एखादा वाईट पत्ता कायमचा बाहेर काढता येतो. शेवटी दोन चाचे येतात, त्या दोघांना हरवलं की सुटका.

पहिले अकरा डाव मी हरलो. प्रत्येक संकट जिंकायचंच असं मी धरून बसलो होतो. बाराव्या डावाला लक्षात आलं की सुरुवातीची छोटी संकटं मुद्दाम हरायची असतात, म्हणजे गठ्ठा साफ होतो. आमच्या कामात हे रोज बघतो की. लॉटमधले खराब नग वेळेवर बाजूला काढले नाहीत तर पुढं जोडणीत अडतात. रोज हाताखालून जाणारी गोष्ट पत्त्यांत ओळखायला मला अकरा डाव लागले. त्या रात्री झोप लवकर आली नाही, इतका आनंद झाला होता.

नंतर 'ओनिरिम' घेतला. बेल्जियमच्या शादी टॉर्बे या ऑपेरा गायकानं केलेला, ७६ पत्त्यांचा. गठ्ठा संपायच्या आत आठ दारं शोधायची. त्यानंतर 'रेलरोड इंक' : चार फासे टाकायचे, त्यावर आलेले रूळ आणि रस्ते सात बाय सातच्या चौकटीवर काढायचे, सात फेऱ्यांत खेळ खलास. लोंढ्याला मिरजेची, हुबळीची आणि गोव्याची गाडी कशी एकत्र येते ते लहानपणापासून बघितलंय, म्हणून हा फार जवळचा वाटतो. एका मित्राकडून 'टेराफॉर्मिंग मार्स'ही आणला होता. एकट्यानं खेळताना १४ पिढ्यांत मंगळाचं तापमान, प्राणवायू आणि ९ समुद्र पुरे करायचे. खेळ मोठा आहे, पण डाव हातचा गेला की तो माझ्यामुळं गेला की पत्त्यांमुळं, हे मला कळेना. चार डाव खेळून परत केला.

यातनं माझी एक कसोटी ठरलीय. हरल्यावर "मी कुठं चुकलो" हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ते आलं तर मी लगेच दुसरा डाव मांडतो. नाही आलं तर पेटी आठवडाभर उघडत नाही.

आता मनात तीन खेळ आहेत : 'विंगस्पॅन', 'स्पिरिट आयलंड' आणि 'अंडर फॉलिंग स्काइज'. टेबल तीन बाय दोन फुटांचं, घडीचं. वेळ दीड तास. वर्षाला एकच मोठी पेटी परवडते, त्यामुळं चुकून चालणार नाही. खेळलेल्यांनी सांगा.

कणकुंबी | ६ जुलै, सकाळी ७:०५

दादा, मी 'विंगस्पॅन'च्या बाजूनं सांगते. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा २०१९ चा खेळ. १७० पक्षी आणि प्रत्येकाचा वेगळा पत्ता. जंगल, माळरान आणि पाणथळ अशा तीन ओळींत आपण पक्षी वसवायचे. चार फेऱ्या, ८, ७, ६, ५ अशा एकूण २६ खेळ्या. एकट्यानं खेळताना समोर 'ऑटोमा' असतो. हा इटालियन शब्द आहे, अर्थ यंत्रमानव. दर खेळीला त्याचा एक पत्ता उलटायचा आणि त्यावर असेल ते करायचं. त्याचे दाणे सांभाळत बसावं लागत नाही, मोजकी गणती केली की झालं. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा गलका ऐकून रात्री कुणाचंही डोकं सांभाळायची इच्छा उरत नाही. माझ्यासाठी हा प्रतिस्पर्धी अगदी बरोबर आहे.

तुमच्या कसोटीला मात्र तो पुरा उतरणार नाही, हे आधीच सांगते. पक्ष्यांचे पत्ते कसे येतील त्यावर थोडं अवलंबून राहतंच. पण डाव संपल्यावर समोर आपण उभं केलेलं एक रान असतं. आमच्याकडं भीमगडच्या जंगलात धनेश दिसतात, त्यांच्या पंखांचा आवाज लांबून ओळखू येतो. असं काही बघितलेल्या माणसाला हा खेळ वेगळा लागतो. २०२२ मध्ये 'विंगस्पॅन एशिया' निघालाय, तो एक-दोन जणांसाठी स्वतंत्र पेटी म्हणून चालतो, आशियातले ९० पक्षी आहेत. तुमचं टेबल लहान आहे आणि घरात खेळणारे जास्तीत जास्त दोघं, तर मी तोच घ्या म्हणेन.

दुसरं महत्त्वाचं. कुठलाही घ्या, पण जुलैत पत्ते उघडे ठेवू नका. आमच्या बाजूला पाऊस धरला की आठ-आठ दिवस ऊन नसतं. गेल्या वर्षी माझ्या एका खेळाचे पत्ते असे सादळले की पिसताना एकमेकांना चिकटायचे, आणि पटाचे कोपरे वर उचलले गेले. आता सगळे पत्ते प्लास्टिकच्या कव्हरात घातलेत, पेटीत सिलिका जेलच्या चार पुड्या असतात, आणि पेटी भिंतीला टेकवून ठेवत नाही. वाकलेला पट पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दोन रात्री ठेवला की बराच सरळ होतो.

निपाणीकर | ६ जुलै, दुपारी १:४०

भाऊ, 'स्पिरिट आयलंड' मी तीन वर्षं खेळालोय. तुमची कसोटी वाचली आणि वाटलं, हे माझंच मन लिहिलंय की.

बेट आपलं. आपण त्या बेटाचं दैवत. परके लोक जहाजानं येतात, जमीन बघतात, वस्ती करतात, मग ती जमीन उजाड करतात. यातली गोम अशी की ते काय करणार हे आधी दिसतं. ज्या प्रकारच्या जमिनीचा पत्ता या फेरीला शोधात आला, तिथं पुढच्या फेरीला वस्ती होणार, त्याच्या पुढच्या फेरीला लूट. पत्ते एकेक घर सरकतात. म्हणजे दोन फेऱ्या आधी आपल्याला ठाऊक असतं की घाव कुठं पडणार. तरी आपण हरतो. का? आपल्या काही शक्ती लगेच चालतात, परके हलायच्या आधी, आणि काही सावकाश, ते हलून झाल्यावर. सावकाश चालणारी शक्ती आजच्या संकटावर टाकून उपयोग नाही, उद्याच्या संकटावर टाकायची. पेरणीसारखं आहे. मिरगाला काय केलं त्याचं दिवाळीला कळतं.

पहिल्यांदा 'सूर्यप्रकाशात उसळणारी नदी' हे दैवत घ्या, सोपं आहे. त्याचं काम परक्यांना एका जमिनीतनं दुसरीकडं ढकलणं. एकट्यानं खेळताना बेटाचा एकच तुकडा लागतो. तुमच्या टेबलावर मात्र दाटी होईल, हे खरं. मांडायला पंधरा मिनिटं, आवरायला दहा. पहिले दोन-तीन डाव दोन तासांच्या खाली संपणार नाहीत. आर. एरिक रॉइस यांनी २०१७ मध्ये आणलेला हा खेळ पहिल्या आठवड्यात जड जातो. दुसऱ्या आठवड्यात मी रात्री अंथरुणात पडून डाव आठवायला लागलो होतो.

मारुती गल्ली | ६ जुलै, संध्याकाळी ६:३०

मी वयानं मोठा आहे म्हणून लिहितो, राग मानू नये. आमच्या वाड्यात पावसाळ्यात ओसरीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची आणि चल्लस खेळायचं. शेजारच्या कानडी घरात त्यालाच चौकाबारा म्हणायचे. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून घ्यायचे. चार घरची चार माणसं जमायची. त्यात भांडणं व्हायची, समेटही तिथंच व्हायचा. आता पोरं पुण्याला, बंगळूरला गेली, वाडे पडले. अशा वेळी माणसानं एकट्यानं दार लावून खेळावं, याचं मला वाईट वाटतं. खेळ म्हणजे समोर माणूस हवा.

तिसरं गेट | ६ जुलै, रात्री ९:१५

काका, राग कसला. तुम्ही लिहिलंय ते मीही बघितलंय, माझं आजोळ शहापूरला होतं. ओसरी होती, माणसं होती. ती आता नाहीत. कोण काय बिघडलं म्हणून नाही, ज्याची त्याची भाकरी जिथं आहे तिथं तो गेला.

बायको घरी असते त्या रात्री मी पेटी काढत नाही. पोरगा सुट्टीला आला की आम्ही तिघं खेळतो. हा खेळ माणसांच्या जागी आणलेला नाही. टीव्हीच्या आणि मोबाइलच्या जागी आणलाय. रात्री अकराला मोबाइल ठेवला तर काय बघितलं ते आठवत नाही. डाव मांडला तर तो दुसऱ्या दिवशी लेथच्या आवाजातसुद्धा डोक्यात असतो.

हुक्केरीची लेक | ६ जुलै, रात्री १०:०२

काकांना एक सांगावंसं वाटतं. माझी आजी दुपारी सगळे झोपले की सागरगोटे काढून एकटीच खेळायची. एक वर, बाकीचे झेलायचे, मग दोन, मग तीन. चुकली की पहिल्यापासून. कुणी बघत नसायचं. वडील रात्री पत्त्यांचा पेशन्स लावायचे आणि लागला की आईला हाक मारून दाखवायचे. एकट्यानं खेळणं आपल्याकडं होतंच, त्याला वेगळं नाव नव्हतं.

चिकोडी मास्तर | ७ जुलै, सकाळी ६:५०

अक्कांनी अगदी बरोबर लिहिलं. त्यात माझी थोडी भर. आपल्या कर्नाटकात एकट्याच्या खेळाचा सगळ्यांत मोठा चाहता म्हैसूरच्या गादीवर होता. मुम्मडी कृष्णराज वडेयर, १७९४ ते १८६८. 'श्रीतत्त्वनिधि' या त्यांच्या ग्रंथाचा 'कौतुकनिधि' हा भाग खेळांवरच आहे. बुद्धिबळातल्या घोड्यानं चौसष्ट घरांत, प्रत्येक घरी एकदाच जाऊन, सगळा पट फिरायचा, या कोड्याचा त्यांना फार नाद. स्वतः त्यांनी अशा फेऱ्या रचल्या. हेच कोडं त्याच्या हजार वर्षं आधी काश्मीरच्या रुद्रटानं 'काव्यालंकारा'त श्लोकाच्या अक्षरांत बसवलंय, तुरगपद म्हणून.

माझ्या आठवीच्या मुलांना मी हे देतो. खर्च शून्य. चौकटीचा कागद आणि पेन्सिल. मुलं साधारण पन्नास घरांपर्यंत पोचतात आणि अडकतात. मग मी त्यांना १८२३ सालची वॉर्न्सडॉर्फची रीत सांगतो : पुढं जायच्या घरांपैकी, ज्या घरातून बाहेर पडायच्या वाटा सगळ्यांत कमी उरल्यात, तिथं आधी जा. कोपरे आणि कडा आधी उरकतात, मधलं रान शेवटी राहतं. त्या रीतीनं पहिल्यांदा चौसष्ट पुरे झाले की मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. तिसरं गेट, तुमच्या कसोटीला हा खेळ शंभर टक्के उतरतो. कुठल्या घरी चुकलात ते कागदावर राहतं. नवीन पेटी येईपर्यंत एक आठवडा हे करून बघा. ज्यांच्या घरी ३२ गोट्यांचा ब्रेनविटा माळ्यावर पडून असेल त्यांनी तोही खाली काढा.

छापखाना | ७ जुलै, दुपारी ३:२५

मी बेळगावातच छपाईच्या धंद्यात आहे. "वर्षाला एकच पेटी" हे वाचून लिहावंसं वाटलं. पुष्कळ छोटे खेळ स्वतः छापून घ्यायचे म्हणूनच निघतात. 'अंडर फॉलिंग स्काइज'चंच बघा. टोमाश उहलिर्झ यांनी तो २०१९ मध्ये नऊ पत्त्यांचा, घरी छापायचा खेळ म्हणून केला होता. आवडला म्हणून २०२० मध्ये पेटी निघाली. 'स्प्रॉलोपोलिस' फक्त १८ पत्त्यांचा. तीन पत्ते उलटे ठेवले की ती तुमची तीन उद्दिष्टं, त्यांवरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे गाठायचे गुण. उरलेल्या पंधरांतून शहर वसवायचं. पंधरा-वीस मिनिटांचा डाव. छापायची फाइल प्रकाशक स्वतः स्वस्तात विकतो, तीच घ्या. दुसऱ्यानं उतरवून टाकलेली घेऊ नका, एकेका माणसाच्या कष्टावर हे खेळ उभे असतात.

आता छपाईचं. साध्या झेरॉक्सच्या कागदावर काढू नका. ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड, आर्ट कार्ड मागा. दोन्ही बाजू छापताना आधी एकच पान काढून उजेडात धरून बघा, पुढची-मागची चौकट जुळते का. दोन मिलिमीटर सरकली तरी पाठीवरनं पत्ता ओळखू येतो आणि खेळ संपतो. मॅट लॅमिनेशन करा, चकचकीत केलं तर दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो आणि पत्ते घसरतात. लॅमिनेशन कापायच्या आधी. कापताना पोलादी पट्टी आणि नवीन पातं, कात्री नको. कोपरे गोल करायचं छोटं यंत्र मिळतं, ते एकदा घेतलं की जन्मभर पुरतं. अशा नीट केलेल्या पत्त्यांना पावसाळा फारसा बाधत नाही.

कणकुंबी | ७ जुलै, रात्री ८:४५

छापखानादादा, हे फार उपयोगी पडलं, वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांना एक विचारते. एकट्यानं खेळताना खेळी मागं घेता का? मी सुरुवातीला घ्यायची. मग जिंकल्यावर समाधान वाटेना. पूर्ण बंद केलं तर चुकून हात लागलेल्या पत्त्यानंही डाव जायला लागला.

निपाणीकर | ७ जुलै, रात्री ९:३०

ताई, माझा नियम असा : नवीन काही उघडलं की खेळी पक्की. पत्ता उलटला, फासा पडला, म्हणजे आपल्याला आधी नसलेली माहिती मिळाली. त्यानंतर मागं फिरायचं नाही, डाव बुडाला तरी. तोवर मात्र दहादा बदला, समोर कोण खोळंबलंय? माझ्या मते एकट्याच्या खेळाचं खरं सुख इथंच आहे. चार जणांत बसलं की लोक "चल रे, लवकर" म्हणतात. इथं एका खेळीवर मी वीस मिनिटं बसलोय.

तिसरं गेट | ७ जुलै, रात्री १०:५०

निपाणीकर भाऊंचा नियम मला पटला, आजपासून तोच.

पण खेळी मागं घेण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटते. नियम चुकीचा समजला तर सांगायला कुणी नसतं. 'ओनिरिम'मध्ये एकाच रंगाचे तीन पत्ते ओळीनं लावले की दार मिळतं. पण शेजारच्या दोन पत्त्यांवर एकच चिन्ह चालत नाही, सूर्याशेजारी सूर्य नको. मी हे वाचलंच नव्हतं. दोन महिने सूर्याला सूर्य लावून खेळलो आणि जिंकत होतो. पोरानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "बाबा, हे काय?" वहीत लिहिलेले सतरा विजय मी त्या दिवशी खोडले. फार लागलं मनाला.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. नियमांचं पुस्तक पहिल्या डावाआधी, पहिल्या डावानंतर आणि पाचव्या डावानंतर असं तीनदा पूर्ण वाचतो. दुसऱ्या वाचनात निदान एक चूक सापडतेच. आणि वहीत डाव लिहितो : तारीख, जिंकलो की हरलो, आणि हरलो तर कुठल्या खेळीला. कारखान्यात नग नापास झाला की कारणाचा रकाना भरावा लागतो, तसाच.

हुक्केरीची लेक | ८ जुलै, सकाळी ९:१०

दादा, ही वही मीही सुरू करते. निवडीबद्दल माझं एक मत. माझ्याकडं मोठ्या चार पेट्या आहेत आणि सगळ्यांत जास्त खेळला जातो तो 'पाम आयलंड', १७ पत्ते, सगळा खेळ हातातच. टेबल लागत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा गल्ल्यावर बसून दोन फेऱ्या होतात, गिऱ्हाईक आलं की पत्ते तसेच रबर लावून ठेवते. म्हणून मी म्हणेन, खेळ चांगला किती हे विचारण्याआधी तुमच्या दिवसात तो कुठं बसतो ते बघा. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला रात्री पंधरा मिनिटांची मांडामांड नको होते, पेटी कितीही भारी असो.

छापखाना | ८ जुलै, सकाळी ११:००

अक्का, अगदी. जगभरच्या मंडळींनी मतं देऊन लावलेल्या सोलो खेळांच्या याद्या मीही बघतो. त्यांत वर कायम मोठ्या, जड पेट्या असतात. त्या मताला त्या माणसाचं टेबल, त्याची रविवारची दुपार चिकटलेली असते. आपल्याकडं रात्री नऊला लाइट जाते तेव्हा इमर्जन्सी दिव्यात हिरवा आणि निळा ठोकळा वेगळा दिसतो का, हे कुठल्या यादीत नसतं.

तिसरं गेट | २ ऑगस्ट, रात्री १०:३५

मंडळी, महिना होत आला, सांगतो काय झालं.

आधी मास्तरांची घोड्याची फेरी. पाच रात्री घेतल्या. वॉर्न्सडॉर्फची रीत न वापरता मी ५९ घरांपर्यंत पोचलो, पुढं नाही. रीत वापरली आणि दुसऱ्या प्रयत्नात चौसष्ट. कागद कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

मग 'अंडर फॉलिंग स्काइज' घेतला, पेटीतला. हा माझ्याच साठी केलाय असं वाटण्याइतका आवडला. वर आकाशात परग्रहावरची जहाजं, खाली जमिनीत आपला तळ. पाच फासे, पाच रांगा, प्रत्येक रांगेत एकच फासा ठेवायचा. मोठा आकडा ठेवला तर त्या खोलीत काम जास्त होतं, संशोधन पुढं सरकतं, वीज मिळते. पण त्याच रांगेतली जहाजं तितकीच घरं खाली उतरतात. सहा ठेवला की सहा घरं. आणि पाचांतले दोन फासे पांढरे. पांढरा ठेवला की उरलेले सगळे फासे परत टाकायचे. म्हणजे पांढरा आधी ठेवायचा की शेवटी, याच्यावरच अर्धा डाव. हातातले आकडे चांगले असले की वाटतं पांढरा राहू दे शेवटाला. वाईट असले की तोच पहिला.

बावीस डाव झाले, नऊ जिंकले. हरलेल्या तेरांपैकी अकरांत वहीत खेळी लिहिता आली. उरलेल्या दोनांत मी थकलेला होतो, इतकंच लिहिलंय. डाव पाऊण तासाच्या आत संपतो, मांडायला चार मिनिटं. लाइट गेली तरी अडत नाही, कारण रंगापेक्षा आकड्यांचं काम.

आणि एक न ठरवलेली गोष्ट. गेल्या रविवारी बायकोला सुट्टी होती. मी नको म्हणत असताना तिनंच पेटी काढायला लावली आणि शेजारी बसली. खेळायला नाही, बघायला. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "तो पाच तिथं कशाला ठेवताय, खालचं जहाज शहरावर येईल की." खरंच येणार होतं. पुढचा सगळा डाव दोघांनी मिळून ठरवला आणि जिंकलो. तिला पक्ष्यांची आवड आहे, अंगणातल्या बुलबुलांना ती पाणी ठेवते. म्हणून पुढच्या वर्षीची पेटी कणकुंबी ताईंनी सांगितलेली 'विंगस्पॅन एशिया', दोघांसाठी. ते आता ठरलं.

मारुती गल्ली | ३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

वाचून बरं वाटलं. तो घोड्याचा कागद मीही करून बघतोय. एक्कावन्न घरांपर्यंत गेलो. रीत अजून वापरलेली नाही, मास्तरांनी पुढं काही सांगू नये.

निपाणीकर | ३ ऑगस्ट, दुपारी २:१५

भाऊ, मी येत्या शनिवारी कामानं बेळगावला येणार आहे. 'स्पिरिट आयलंड'ची पेटी संगं आणतो आणि महिनाभर तुमच्याकडं ठेवून जातो. माझी कापणीपर्यंत गडबड असते, तोवर ती पडूनच राहील. विकत घ्यायच्या आधी खेळून बघा. पहिला डाव मी शेजारी बसून दाखवतो, म्हणजे सूर्याला सूर्य लागायचा नाही.

तिसरं गेट | ३ ऑगस्ट, रात्री ९:०५

भाऊ, या की. जेवायलाच या. टेबल तीन बाय दोनचं आहे हे लक्षात आहे ना? नाहीतर जमिनीवर सतरंजी घालतो.

निपाणीकर | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

सतरंजीच घाला. ठोकळे लाकडी आणि प्लास्टिकचे आहेत, सतरंजीवर घसरत नाहीत. वाटीसारखी चार-पाच भांडी तेवढी काढून ठेवा, सुटे तुकडे ठेवायला.